भिंतीवरचं चित्र आणि पेनकिलरचा डोस

हॉस्पिटलच्या पलंगावर पडलेला माणूस दिवसभर काय बघतो? छत. ट्यूबलाइट, एसीची जाळी, एखादा ओलीचा डाग. डॉक्टर दोन मिनिटं येऊन जातात, उरलेला वेळ हेच. "हॉस्पिटलमध्ये कलेचं काय काम?" असं विचारण्याआधी हे छत जरा डोळ्यांसमोर आणा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्येच लिहून ठेवलंय, की रंग, प्रकाश आणि नजरेसमोरचा बदल यांचा परिणाम रुग्णाच्या मनावर होतो तसा शरीरावरही होतो. पण हे झालं निरीक्षण. मोजून कोणी बघितलं?

रॉजर उलरिच यांनी. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी त्यांनी तपासल्या. ऑपरेशन सगळ्यांचं एकच, पित्ताशय काढण्याचं. वय वगैरे जुळवून ४६ रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा निबंध आला आणि हॉस्पिटलं बांधणाऱ्या आर्किटेक्टांच्या हातात एक आकडा आला.

आता जरा थांबा. ती झाडं होती, चित्रं नव्हेत. रुग्ण ४६, हॉस्पिटल एक. एवढ्यावरून "पेंटिंग लावा, पेशंट लवकर बरा होईल" म्हणणं म्हणजे हळदीच्या दुधाने कॅन्सर बरा होतो म्हणण्याच्या वाटेवरचं आहे! उलट पुढे स्वीडनमध्ये उप्सालाला हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा पाणी-झाडांच्या दृश्याने चिंता कमी झाली. कोनाकोनांच्या अमूर्त चित्राने मात्र फायदा झाला नाही, वाढलीच थोडी. म्हणजे गॅलरीत भारी वाटणारं चित्र आयसीयूत चालेलच असं नाही. औषधासारखंच, कोणाला काय द्यायचं ते बघावं लागतं.

बघणं एक, करणं वेगळं. १९३८ मध्ये एड्रियन हिल हा इंग्लिश चित्रकार टीबी होऊन ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये पडून होता. वेळ जाईना म्हणून पलंगावरूनच दिसेल ते काढत बसला, मग शेजारच्या रुग्णांना शिकवू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याचाच, १९४२ चा. आज ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पदवी कायद्याने राखीव आहे. शिक्षण आणि नोंदणीशिवाय लावता येत नाही. वॉर्डात गिटार घेऊन येणारा कलाकार थेरपिस्ट नसतो. तो उपचार करत नाही, दुपार जरा सुसह्य करतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, निधी मागणारी मंडळी ती सर्रास करतात.

आणि स्टाफ? तुमच्यापैकी कुणाची ताई किंवा मावशी एनएचएसमध्ये नाइट शिफ्ट करत असेल, तर तिला विचारा. येलमध्ये त्वचारोगतज्ज्ञ अरविन ब्रेव्हरमन मेडिकलच्या विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये नेऊन जुन्या चित्रांसमोर उभं करायचे. निष्कर्ष नंतर, आधी दिसतंय ते सगळं सांगा. २००१ मध्ये ‘जामा’त छापलेल्या अभ्यासात, हे प्रशिक्षण घेतलेल्या मुलांना रुग्णांच्या फोटोंतले बारकावे जास्त टिपता आले. लंडनमध्ये लुइशम आणि ग्रीनिच एनएचएसच्या कर्मचाऱ्यांचं गाणं तर २०१५ च्या ख्रिसमसला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. समोर होता जस्टिन बीबर, आणि त्यानेच चाहत्यांना यांचं गाणं विकत घ्यायला सांगितलं!

माझी खरी शंका इथेच आहे. माणसं कमी, शिफ्ट लांब, आणि त्यावर उतारा म्हणून मॅनेजमेंटने क्वायर काढली तर कोणीही वैतागेल. एकत्र गाण्याने थकलेल्या नर्सला बरं वाटतं, पण तिच्या वॉर्डातली रिकामी जागा त्याने भरत नाही.

पैशाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये ही चित्रं बहुतेक देणग्यांतून आणि हॉस्पिटलशी जोडलेल्या ट्रस्टमधून येतात, औषधांच्या बजेटमधून नाही. लंडनच्या चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधला मोठा कलासंग्रह असाच उभा राहिलाय. तिथे अपॉइंटमेंट असेल तर दहा मिनिटं आधी जा आणि मान वर करून बघा.