वेदनेची वर्दी

वैशाखातील भर दुपारी टिटवाळ्याच्या महागणपतीसमोर अनवाणी उभ्या असलेल्या भाविकाचा पाय तापलेल्या फरशीवर पडला, की ‘भाजले’ ही जाणीव मनात उमटण्यापूर्वीच तो वर उचलला जातो. कारण तळव्याच्या त्वचेतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचताच, गावचा तंटा हुजूर कचेरीच्या हुकमाची वाट न पाहता चावडीवरच मिटावा त्याप्रमाणे, तेथल्या तेथे निकाल लागून स्नायूंना आकुंचनाची आज्ञा सुटते. मेंदूला वर्दी मिळते ती मागाहून.

मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या आणि मेंदूतून 12 जोड्या निघून साऱ्या देहभर पसरतात. त्यांतील मेदयुक्त जाड आवरणाच्या तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, तर रेंगाळणारी वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंतून जेमतेम मीटरभर. म्हणूनच चटका आधी कळतो आणि ठणका नंतर.

या तंतूंना वेढून त्यांचे पोषण करणाऱ्या श्वान पेशींतच कुष्ठरोगाचा जंतू घर करतो. नॉर्वेतील आर्मावर हॅन्सन यांनी 1873 साली तो शोधून काढला. त्याला शरीरातील थंड भाग मानवतात, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूसारखे त्वचेलगतचे तंतू प्रथम बळी पडतात. करंगळी व अनामिका वाकतात. चट्ट्यावर आधी उष्णतेची, मग वेदनेची आणि स्पर्शाची जाणीव लोपते. या रोगात बोटे आपोआप झडतात, हा समज सर्वथा चुकीचा आहे, आणि त्याने किती घरे उद्ध्वस्त केली याची गणती कोणत्याही दप्तरात नाही. वेदनेची वर्दीच न पोहोचल्यामुळे तापलेल्या भांड्यावरून हात निघत नाही, पायात रुतलेला काटा दिवसेंदिवस तसाच राहतो, जखम चिघळते आणि हाड झिजते. ज्या वेदनेपासून सुटका व्हावी म्हणून आपण नवस बोलतो, तीच देहाची अहोरात्र राखण करीत असते.

टिटवाळ्यापासून तिसरे स्थानक कल्याण. तेथील पत्रीपुलाजवळच्या कुष्ठपीडितांच्या वसाहतीत नौदलातून निवृत्त झालेले डोंबिवलीचे गजानन माने वर्षानुवर्षे सेवा करीत आले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा वसाहतींत आजार बरा झालेल्या माणसांचेही हातपाय बधिर राहतात, कारण औषध जंतूला मारते, पण पूर्ण नष्ट झालेला तंतू परत आणीत नाही. तेव्हा पायांची रोज नजरेने तपासणी, मऊ तळाची पादत्राणे आणि स्वयंपाकात कापडाने धरलेले भांडे, हेच हरपलेल्या संवेदनेचे काम करतात.

सरकारी आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. तो रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर चालतो. मात्र मज्जातंतूला सूज येऊन शक्ती नुकतीच कमी होऊ लागली असेल, तर पहिल्या सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा उपचार सुरू झाल्यास ती पुष्कळदा परत येते. म्हणून अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळेना, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठावे.