नव्या कार्डाला कुलूप, मग जुन्याचं काय?

उमरग्याच्या एखाद्या शेतकऱ्याला बँकेतून नवं एटीएम कार्ड मिळतं. यंत्रातून पैसे निघतात, खताच्या दुकानात कार्ड चालतं. पण पुण्यात शिकणाऱ्या मुलीची फी ऑनलाइन भरायला गेलं, की व्यवहार होत नाही. कार्ड खराब नसतं. ते तसंच दिलेलं असतं.

रिझर्व्ह बँकेच्या 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालतं. ऑनलाइन, परदेशातले आणि यंत्राला नुसतं टेकवून होणारे व्यवहार बंद. हवे असतील तर ग्राहकाने अ‍ॅपवरून, नेटबँकिंगवरून किंवा एटीएमवर जाऊन सुरू करायचे. मर्यादाही स्वतः ठरवायची. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे सुरक्षित ‘डिफॉल्ट’. बहुतेक माणसं सेटिंगला कधी हात लावत नाहीत, त्यामुळे जे आधीपासून ठरवून दिलेलं असतं तेच वर्षानुवर्षं चालतं. कार्डाचा नंबर चोरणाऱ्याचं फावतं ते इथेच.

खरा पेच जुन्या कार्डांचा होता. सगळ्यांची सोय एका रात्रीत काढून घेतली असती, तर दर महिन्याला आईची औषधं ऑनलाइन मागवणारा मुलगा ऐन वेळी अडकला असता. सगळ्यांची तशीच ठेवली असती, तर नियम नावापुरता उरला असता. मग वाट काढली ती वापराच्या नोंदीवरून. ज्या कार्डावर असे व्यवहार कधीच झाले नाहीत, त्यावर ते बंद करणं सक्तीचं. बाकी कार्डांबाबत जोखीम पाहून बँकेने ठरवायचं. ज्याला सवय नाही त्याला बंद केल्याचं कळतही नाही, हे त्यातलं शहाणपण. कोरोनामुळे अंमलबजावणीची मुदत 30 सप्टेंबर 2020 पर्यंत वाढली.

हे सगळ्यांना साधतंच असं नाही. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फायलींमधले मॅक्रो आपोआप रोखण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये घेतला; तक्रारी आल्यावर जुलैत तो थांबवला आणि त्याच महिन्यात, सूचना सुधारून, पुन्हा लागू केला.

कार्डाच्या नियमातही एक फट आहेच. कधीतरी एकदाच मोबाइलचं कव्हर मागवण्यापुरता सुरू केलेला ऑनलाइन व्यवहार आपणहून बंद होत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगखाली तो दिसतो, आणि बंद करायला पैसे पडत नाहीत.