एक चकती की साडेचारशे पाकिटं?

मुंबईतल्या मढ कोळीवाड्यात वलांडीवर (बांबूच्या मांडणीवर) टांगलेला बोंबील उन्हात सुकतो, चुलीवर कालवण रटरटतं, तव्यावर रवा लावलेली तुकडी तळली जाते. ऊन चाळिशीच्या आसपास, कालवण १०० अंशांवर, तेल १७०-१८० वर. ॲक्रिलामाइड नावाचा विषारी रेणू साधारण १२० अंशांपुढेच घडतो. म्हणजे सुकट आणि कालवण यातून जवळजवळ सुटले. आणि तळलं तरी मासळीत त्याचा कच्चा माल फार थोडा. ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारखी साखर, दोन्ही भरपूर असतात ती बटाट्यात.

जगाला हे कळलं ते एका बोगद्यामुळे. १९९७ मध्ये स्वीडनच्या हालांडसोस बोगद्यात गळती थांबवायला वापरलेल्या रसायनातून ॲक्रिलामाइड ओढ्यात गेलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचं रक्त तपासलं. तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्यांचंही तपासलं, तर त्यांच्याही रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. शोध घेत शास्त्रज्ञ स्वयंपाकघरात पोचले आणि एप्रिल २००२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला.

आता आकडे पाहू. युरोपने बटाट्याच्या वेफर्ससाठी ठरवलेली संदर्भपातळी आहे किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम. या हिशेबाने ३० ग्रॅमच्या पाकिटात साडेबावीस मायक्रोग्रॅम. एवढ्याशा या कणात सुमारे १९ कोटी अब्ज रेणू असतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वाटले तर दरडोई सव्वादोन कोटींहून जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम. त्या मर्यादेवरचं ४५ लिटर पाणी प्यावं, तेवढं एका पाकिटात.

मग घाबरायचं किती? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून गाठींचा धोका मोजण्यासाठी किलो वजनामागे रोज १७० मायक्रोग्रॅम हा आधारबिंदू धरला. साठ किलोच्या माणसाला तिथवर पोचायला रोज साडेचारशे पाकिटं लागतील. पण शरीरात ॲक्रिलामाइडचं ग्लायसिडामाइड होतं आणि ते थेट डीएनएला चिकटतं. अशा पदार्थांच्या बाबतीत आधारबिंदूपासून दहा हजार पटींचं अंतर हवं, असा दंडक आहे. त्या मापाने वाट्याला येतात दीड ग्रॅमहूनही कमी वेफर्स, म्हणजे जेमतेम एक चकती! युरोपातल्या लोकांचं सरासरी अंतर मात्र ४२५ ते ८९ पटींचंच निघालं.

माणसांवरच्या अभ्यासांत आहारातल्या ॲक्रिलामाइडचा कर्करोगाशी ठाम संबंध अजून सिद्ध झालेला नाही. तरीही सावध राहायला हवं ते मुलांसाठी. वीस किलोच्या मुलाने तेच पाकीट संपवलं, तर किलोमागे मोठ्यांच्या तिप्पट मात्रा त्याच्या अंगात जाते.

बटाट्याचाच असला तरी बटाटावडा इथे वेगळा ठरतो. आतली भाजी उकडलेली आणि ओलसर. ती शंभरी ओलांडत नाही. जे काही घडतं ते बाहेरच्या पातळ कवचात. वेफर म्हणजे मात्र सगळं कवचच.

उपाय घरातलेच आहेत. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, थंडीत त्यांतली साखर वाढते. काप तळण्याआधी १५ ते ३० मिनिटं पाण्यात भिजवून कोरडे करावेत. सोनेरी रंग आला की झारा उचलावा, तांबूस होऊ देऊ नये. आणि मुलांच्या डब्यातलं रोजचं पाकीट आठवड्यातून एकदाच द्यावं. एवढ्यानेच त्यातून जाणारी मात्रा सहा-सात पटींनी घटते.