वक्फ-अलल-औलाद : कुटुंबाची मिळकत आणि एकोणिसाव्या शतकातील न्यायालये

मालमत्ता पुढील पिढीकडे सोपविण्याचे तीन मार्ग इस्लामी कायद्यात आढळतात : वारसाहक्क, वसीयत म्हणजे मृत्युपत्र, आणि वक्फ. एकोणिसाव्या शतकात यांपैकी तिसऱ्या मार्गावरून मोठा वाद निर्माण झाला. त्याचे कारण पहिल्या दोन मार्गांच्या मर्यादांत आहे.

वारसाहक्कात प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो. उदाहरणार्थ, 40 एकर जमीन असलेली व्यक्ती पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून मरण पावली, तर हनफी कायद्यानुसार पत्नीला 5, प्रत्येक मुलाला 14 व मुलीला 7 एकर मिळतात. ही वाटणी न्याय्य असली तरी दोन-तीन पिढ्यांत जमिनीचे लहान लहान तुकडे होतात. वसीयत करावी तर ती कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापुरतीच. आणि वारसाच्या नावे केल्यास इतर वारसांची संमती हवी.

म्हणून अनेक सधन घराण्यांनी वक्फ-अलल-औलादचा आधार घेतला. यात मिळकत कायमची ईश्वरार्पण होते. ती विकता वा वाटता येत नाही. मुतवल्ली व्यवस्था पाहतो, उत्पन्न मुला-नातवंडांना मिळते आणि वंश संपल्यावर ते गोरगरिबांकडे जाते. आप्तांचे पालनपोषण हेही इस्लामच्या दृष्टीने पुण्यकर्म असल्याने कुटुंब आणि धर्मादाय यांत फकिहांना विसंगती दिसली नाही.

इंग्रज न्यायाधीशांना मात्र धर्मादाय म्हणजे परक्या गरजूंची मदत, असे वाटत होते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने 1881 मध्ये फातमाबीबी खटल्यात असे मत दिले, की अंतिम लाभ कधीही न संपणाऱ्या धर्मकार्याला असेल तर मधल्या काळात संततीला लाभ दिल्याने वक्फ रद्द ठरत नाही. कलकत्त्यात सूर वेगळा होता. तेथे 1892 मध्ये न्या. अमीर अली यांनी कौटुंबिक वक्फाच्या बाजूने भिन्नमत नोंदविले, परंतु बहुमत विरुद्ध गेले. अखेर 1894 मध्ये अबुल फता खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला : गरिबांना मिळणारा लाभ इतका दूरचा आहे, की तो केवळ नावापुरता आहे; खरा हेतू घराण्याची मिळकत राखण्याचा आहे. असा वक्फ अवैध ठरला.

या निकालाने अनेक घराण्यांच्या जुन्या दस्तऐवजांची वैधता धोक्यात आली. शिबली नोमानी यांनी उलेमांचे मत संघटित केले. महंमद अली जिना यांनी 1911 मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले आणि 1913 मध्ये मुसलमान वक्फ वैधीकरण कायदा झाला. तो पूर्वीच्या वक्फांना लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने नंतर ठरविल्यामुळे 1930 मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.

तथापि, या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. उत्पन्न कोणाला व किती, हे वाकिफ स्वतः ठरवीत असल्याने कुराणाने मुलीला दिलेला हिस्सा वक्फनाम्यात कमी होऊ शकत असे, किंवा लाभ केवळ पुरुष वंशाकडे वळविता येत असे. घराण्याचे रक्षण करणारे साधन घरातल्याच लेकीच्या विरोधात जाऊ शकत होते. वक्फ-अलल-औलादमुळे स्त्री वारसांसह कोणाही वारसाचा हक्क डावलला जाऊ नये, ही तरतूद 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने केली.

त्यामुळे हा इतिहास शिकविताना परकीय न्यायालय विरुद्ध धर्मशास्त्र एवढीच मांडणी पुरेशी नाही. मिळकत एकसंध राहिली, हे वक्फनाम्यावरून समजते. तिच्या उत्पन्नातून मुलींना काय मिळाले, हा प्रश्नही त्याच कागदाला विचारला पाहिजे.