एकदांडी : सर्वत्र आढळणाऱ्या एका रानफुलाविषयी

मैदानावर पडून गुडघा फुटला की वसतिगृहातील मोठी मुले कुंपणाकडे धावत, चार पाने खुडून दगडावर ठेचीत आणि तो हिरवा रस जखमेवर पिळीत. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही आठवण असेल. या वनस्पतीला कुणी दगडी पाला म्हणते, कुणी कंबरमोडी, तर कुणी एकदांडी. जमिनीलगत पसरणारे केसाळ खोड, दातेरी पाने, एका लांब देठावर एकच फूल. मध्यभागी पिवळा गोंडा आणि भोवती टोकाशी तीन दाते असलेल्या पांढुरक्या पाकळ्या. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती शास्त्रीय भाषेत ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ म्हणून ओळखली जाते. लिनियसने 1753 साली तिची नोंद केली.

इतक्या परिचयाची ही वनस्पती मूळची येथील नव्हे. तिची जन्मभूमी मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागापर्यंतची. युरोपीय जहाजांनी अमेरिका खंड उर्वरित जगाशी जोडल्यानंतरच ती बाहेर पडली. आज आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे, अशा सर्व उष्ण प्रदेशांत ती आढळते. मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांनाही आपल्याकडे येण्याचा मार्ग याच काळाने खुला केला. त्यांना माणसाने शेतात जागा दिली. एकदांडीने ती स्वतःच मिळवली.

या विस्ताराचे रहस्य तिच्या रचनेत आहे. बियांना मऊ तंतूंचा पिसारा असतो, त्यामुळे त्या वाऱ्याबरोबर दूर जातात. खोडाची पेरे मातीला टेकली की तेथेही मुळे फुटतात. उष्ण हवामानात ती जवळजवळ वर्षभर फुलते. रस्त्याची कड, रेल्वेमार्ग, पडीक शेत, बांधकामाची जागा, असे जेथे माणसाने माती हलविली, तेथे ती हजर होते.

मग तिच्या संवर्धनाची स्थिती काय? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ 1964 पासून धोक्यातील सजीवांची ‘लाल यादी’ ठेवतो. संख्या किती वेगाने घटते आहे, अधिवासाचे क्षेत्र किती उरले आहे, ते किती तुटक झाले आहे, अशा कसोट्यांवर प्रत्येक जातीचा विचार होतो. यांपैकी कोणत्याही कसोटीवर एकदांडी धोक्यात ठरणार नाही. उलट, अमेरिकेच्या संघीय शासनाने तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातले आहे. मात्र सर्वच परकी तणे सारखी नसतात. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेल्या गाजरगवताने त्वचारोग आणि दम्याचा त्रास दिला. एकदांडीच्या फुलांवर मात्र मधमाश्या व लहान फुलपाखरे मधासाठी येतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वत्र दिसणारी वनस्पती सुरक्षित आहे, याचा अर्थ ती जागाही सुरक्षित आहे असा होत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पातळ मातीत, पावसाळ्याच्या थोड्याच दिवसांत फुलणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत. कंदीलपुष्पाच्या काही जाती तर मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. सडा खणला, त्यावर भराव घातला, की त्या नाहीशा होतात आणि त्या मोकळ्या मातीत एकदांडीसारखी तणे रुजतात. दुरून पाहणाऱ्यास जमीन पूर्वीसारखीच हिरवी दिसते. नुकसान कळते ते फक्त ज्याला दोन फुलांतील फरक ठाऊक आहे त्याला. इतिहासातही असेच घडते. ज्यांची नोंद नाही, त्यांचे जाणे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. एकदांडीला जपण्याची गरज नाही. ती स्वतःला जपण्यास समर्थ आहे. खोल जखमेवर तिचा रस लावून थांबूही नये. धनुर्वाताची लस घ्यावी. पण आपल्या मुलांना तिची ओळख करून द्यावी. तिच्या शेजारी आणखी काय उगवते, ते कोणत्या महिन्यात फुलते आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिसते का, हे त्यांना वहीत लिहू द्यावे. शाळेच्या आवाराची अशी दहा वर्षांची नोंद झाली, तर त्या जमिनीत काय टिकले आणि काय गेले, हे आपली मुलेच आपल्याला सांगतील.