घर घेण्यापूर्वी वस्तीची पारख

व्यापारी मनुष्य माल घेतो तेव्हा नमुना उजेडात धरून पाहतो, वजन करतो, चार ठिकाणी भाव विचारतो आणि मगच सौदा ठरवितो. परंतु हाच मनुष्य घर घ्यावयास निघाला म्हणजे भिंती, फरशी व स्वयंपाकघर पाहून संतुष्ट होतो आणि भोवतालची वस्ती मात्र ओझरती पाहतो. वास्तविक घरातील उणीव पैसे खर्चून दूर करता येते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. वस्तीच्या दोषांविषयी मात्र कोणीही हमी देत नाही. आयुष्यभराची बचत ज्या व्यवहारात गुंतते, त्यात हा भाग दुर्लक्षिला जाऊ नये, म्हणून त्याचा थोडा तपशिलाने विचार करावा असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल एक गाव समोर ठेवू. सुरतेपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर तापीच्या काठी कामरेज आहे. पूर्वी हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातील नवसारी प्रांतात मोडत असे. १९४९ साली ते राज्य मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून कामरेज गुजरातेत आहे. मुंबई-दिल्ली महामार्ग येथेच तापी ओलांडतो. हिऱ्याच्या व कापडाच्या धंद्याबरोबर सुरतेची वस्ती वराछा, सरथाणा करीत या बाजूस वाढत आली. खानदेशातून कापडाच्या व्यापारासाठी सुरतेस जाणाऱ्या ज्या बांधवांस शहरातील भाव परवडत नाहीत, त्यांची दृष्टी साहजिकच इकडे वळते.

तेथे घर पाहणाऱ्याच्या मनात अनेक शंका उभ्या राहतात. महामार्गाचा आवाज, पुराची भीती, लांबची शाळा, अनोळखी शेजार, शेजारचे रिकामे शेत. या सर्व शंका एकाच पारड्यात घातल्या म्हणजे मनुष्य एक तर घाबरून माघार घेतो, नाही तर सगळ्याच झटकून टाकतो. आमच्या मते प्रत्येक शंकेस एकच प्रश्न विचारावा : हा दोष दूर करणे कोणाच्या हाती आहे? निसर्गाच्या, सरकारच्या, शेजाऱ्यांच्या की आपल्या? या उत्तरावरून शंकेचे वजन ठरते.

जो दोष निसर्गाचा आहे त्याचे वजन सर्वांत अधिक. तापीवर उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले, त्यामुळे पुराची भीती संपली अशी अनेकांची समजूत झाली होती. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सेकंदास सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. म्हणून नदीकाठच्या गावी घर पाहताना, २००६ साली पाणी येथे किती चढले होते, हे त्या वेळी तेथे राहणाऱ्या दोन-तीन वृद्धांस अवश्य विचारावे. पुराची दुसरीही एक जात आहे. सुरतेस ज्यांना खाडी म्हणतात ते नाले, नदी शांत असतानाही, जोराच्या पावसात फुगतात. आपले घर चौथ्या मजल्यावर असले तरी वाहने, पाण्याचा पंप, विजेची पेटी आणि बाहेर पडण्याची वाट जमिनीवरच असते. ही उणीव कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही.

सरकारच्या हाती असलेल्या दोषांचे वजन त्या मानाने हलके, पण ते कारभारावर अवलंबून असते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगाच्या भीतीने सुरतेतून लाखो लोक निघून गेले. त्या काळची घाण पाहून हे शहर कधी सुधारेल असे कोणास वाटले नसते. परंतु १९९५ साली श्री. एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि दोन वर्षांच्या आत शहराचे रूप पालटले. तात्पर्य, कचरा व खराब रस्ता पाहून एकदम माघार घेऊ नये. तेथे कारभार कोणाचा आहे हे आधी पाहावे. २०२० साली सुरत महापालिकेची हद्द वाढली, त्यात आजूबाजूची काही गावे आत आली, काही बाहेर राहिली. म्हणून पाणी कोण देतो, सांडपाणी कोठे जाते, कर कोठे भरावयाचा, हे प्रत्येक जागेपुरते स्वतंत्र विचारावे लागते.

याच सदरात शेजारच्या रिकाम्या जमिनीचा प्रश्न येतो. आज खिडकीतून दिसणारा हिरवा ऊस उद्या तेथेच राहील असे नाही. गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्याखाली योजना आखून जमिनींची पुनर्रचना केली जाते. त्यात कोणत्या भूखंडातून रस्ता जाणार, कोठे बाग वा शाळा होणार, हे नकाशावर ठरते. आपल्या इमारतीचे कागद पाहणारे पुष्कळ असतात; शेजारच्या चार भूखंडांचा नकाशा पाहणारे थोडे.

पुढे होणाऱ्या सोयी हाही हिशेबाचा भाग आहे. सुरतेच्या मेट्रोची २०१९ साली मंजूर झालेली पहिली मार्गिका सरथाणा ते ड्रीम सिटी अशी आहे. कामरेज तिच्या पलीकडे राहते. विकणारा जे वचन देतो ते व्यापाऱ्याने उधारीच्या खात्यात लिहावे. रोकड म्हणून धरू नये.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. आपल्याकडे घर पाहताना पहिला प्रश्न असतो, ‘वस्ती कोणाची?’ सहकारी संस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात ग्राह्य मानले. तसेच सुरतेच्या काही अधिसूचित भागांत १९९१ च्या कायद्यानुसार मिळकत विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ही कायद्याची बाजू माहीत असावी. परंतु आपल्याच समाजाचा शेजारी असला म्हणजे तो रात्री दहानंतर मोठ्याने वाद्ये लावणार नाही, वा संस्थेची वर्गणी वेळेवर भरील, असे कोठे ठरले आहे? आमचे मत असे की, शेजाऱ्याची जात विचारण्यापेक्षा संस्थेचा हिशेब मागावा. वर्गणी किती थकली आहे, पाण्याची टाकी केव्हा धुतली, जिना कोण झाडतो, सभा होते की नाही, यावरून माणसे कळतात. सुखदुःखात दार ठोठावल्यावर उघडणारा तो शेजारी.

अखेरीस ज्या गोष्टी आपल्याच हाती आहेत त्या पाहाव्या. कामरेजहून रिंग रोडच्या कापडबाजारात रोज जाणाऱ्याने सायंकाळच्या गर्दीचा वेळ घड्याळ लावून मोजावा. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, त्यांच्या दृष्टीने हा अर्धा-पाऊण तास म्हणजे घरच्या पंगतीत बसणे किंवा दुकानात डबा उघडणे, इतका फरक आहे. वृद्ध आईस देरासर वा उपाश्रयापर्यंत महामार्ग न ओलांडता चालत जाता येईल काय, मुलीस शिकवणीहून परत येताना रस्त्यावर दिवे आहेत काय, हे प्रश्न कागदावर सापडत नाहीत.

म्हणून सौद्यापूर्वी ती जागा निदान चार वेळा पाहावी : कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहानंतर, भर पावसात आणि ऊसतोडणीच्या हंगामात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठरलेली आहे; पण अवजड वाहने झोपमोड करतात की नाही, हे तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही. शक्यतो घरातील स्त्रियांस बरोबर न्यावे, कारण दिवसाचा अधिक काळ त्या वस्तीत बहुधा त्यांनाच काढावयाचा असतो. पाहून आल्यावर चारही सदरे कागदावर मांडावी. निसर्गाच्या सदरात मोठा दोष निघाल्यास भाव कितीही कमी असो, नमस्कार करून परतावे. बाकीच्या सदरांतील दोषांसाठी भाव कमी करून मागावा आणि जे आपल्याने सोसवेल तेवढेच स्वीकारावे. सर्वगुणसंपन्न वस्ती कोठेही मिळत नाही. परंतु उणिवा माहीत करून घेऊन उंबरठा ओलांडणारास पुढे पश्चात्तापाचे कारण सहसा पडत नाही.