खिलार संगोपन : हौसेच्या जोडधंद्याचे गणित

सांगली, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात खिलार जनावरे पाळणे ही शेतकऱ्याची हौस आहे आणि जोडधंदाही. नांगरट व वाहतुकीची बहुतेक कामे ट्रॅक्टरकडे गेली, तरी ही जात गोठ्यांत टिकून आहे. त्यामागे बैलगाडा शर्यतींचा मोठा वाटा आहे.

खिलार ही मूळची ओढकामाची जात. काटक बांधा, लांब शिंगे आणि चपळता ही तिची ओळख. गाय दूध बेताचेच देते, त्यामुळे दूधविक्रीतून चाऱ्याचा खर्च निघत नाही. उत्पन्नाची मदार खोंडाच्या विक्रीवर आणि जातिवंत वळूपासून गाय फळवण्याच्या मोबदल्यावर असते. खरसुंडीची यात्रा व सांगोल्याचा आठवडी बाजार ही खरेदी-विक्रीची जुनी ठिकाणे होत.

खोंडाचा भाव वंशावळ, बांधा आणि दात पाहून ठरतो. दुधाचे दात न पडलेल्या खोंडास ‘आदत’, तर दोन कायमचे दात आलेल्यास ‘दुसा’ म्हणतात. वेगाची चुणूक दाखवणाऱ्या आदत खोंडाला सामान्य बैलाच्या कित्येक पट किंमत मिळते. मात्र तोवर कडबा, पेंड, औषधोपचार आणि रोजची मेहनत यांचा भार मालकालाच सोसावा लागतो.

हा बाजार कायद्याच्या निर्णयांबरोबर हेलकावे खात आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात शर्यतीच्या बैलांची मागणी आटली होती.

दुसरी बाजू अधिक अवघड आहे. राज्यात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. ४ मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे न धावणाऱ्या किंवा थकलेल्या बैलाला फारसा भाव उरत नाही. त्याला अखेरपर्यंत सांभाळणे, कामासाठी दुसऱ्या शेतकऱ्याला देणे किंवा गोशाळेत सोडणे, एवढेच मार्ग राहतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गायींची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, तर नर गोवंशाची सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

म्हणूनच या जोडधंद्याचा हिशेब विक्रीच्या दिवशी संपत नाही. एका खोंडाला मिळालेल्या मोठ्या किमतीची गावभर चर्चा होते. न विकल्या गेलेल्या बैलांचा चारा मात्र मालकाच्या घरखर्चातून जातो. गोठ्यात नवे खोंड बांधण्यापूर्वी त्याच्या म्हातारपणाची तरतूद करता येईल का, हा प्रश्न शेतकऱ्याला आधीच सोडवावा लागतो.